तीन मडक्यांचा दृष्टांत

नागपूरच्या नंदनवनात राहून पाण्याच्या नावानं बोटं मोडायची, हे काही बरं दिसत नाही. पण शामलाबाईंच्या घरच्या नळाला उन्हाळा लागला की औषधाचा वास यायचा तो यायचाच. पेला तोंडाशी नेला की ओठांच्या आधी नाक मागं फिरायचं. देवघरातल्या तांब्यात पाणी भरून ठेवावं तर वाटायचं, देव दवाखान्यात भरती आहेत.

देवांनी ते सोसलं. नत्थूजींनी सोसलं नाही. नत्थूजी म्हणजे शामलाबाईंचे यजमान, तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून घरी बसलेले. त्यांना मुतखडा होता. दिवसाला बारा पेले पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नत्थूजींच्या पोटात दोनाच्या वर जात नव्हते.

"हे पाणी हाय का फिनाईल?" ते पेला ओट्यावर आपटत. "मले खड्यानं मरू दे, वासानं नको मारू."

"नाक दाबून पिऊन टाका नं जी. लहान पोट्टं हाय का तुम्ही?"

"मोठा हावो म्हणूनच सांगून राहिलो. हे जनावर तरी पिईल का?"

पुण्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं, मशीन बसवून घ्या. नत्थूजी म्हणाले, मशीन अर्धं पाणी नालीत सोडते, तिथं लोकांच्या नळाले धार नाही अन् मी पाणी सांडू का? झालं. मशीनचा विषय मिटला, खड्याचा राहिला.

तेव्हा शामलाबाईंना आईची घडवंची आठवली. लोखंडी सांगाडा, त्यावर एकाखाली एक तीन मडकी. वरच्यात कोळसा, मधल्यात रेती, खालचं रिकामं. वरच्या दोघांच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात कापसाची वात. वरून ओतायचं आणि खालून थेंब थेंब उतरलेलं प्यायचं. शामलाबाई नाक्यावरच्या प्रेसवाल्याकडे गेल्या. दुर्गेश अजून कोळशाच्या इस्त्रीनंच कपडे करतो. त्याच्याकडून टोपलंभर लाकडी कोळसा घेतला.

"काकू, शेगडी पेटवून राहिल्या का?" दुर्गेशनं विचारलं.

"नाही बाप्पा, पाणी पेटलं हाय घरी."

कोळसा फोडून सात पाण्यांनी धुतला. शेजारच्या बांधकामावर उरलेली कन्हान नदीची रेती चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली. दोन दिवस खालच्या मडक्यात गढूळ पाणी उतरलं ते झाडांना घातलं. तिसऱ्या दिवशी उतरलं ते असं की शामलाबाईंनी पेला नाकाशी धरला आणि नाकाला काही सापडेचना. नत्थूजींनी घोट घेतला, भुवया वर केल्या, पेला रिकामा केला आणि पुढं धरला.

"कुठून आणलं वं हे?"

"नळाचंच हाय."

"खोटं नको बोलू."

त्या दिवशी नत्थूजी पाच पेले प्याले.

वरच्या मजल्यावर संघपाल म्हणून भाडेकरू होता. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मोजकं बोलणारा, जिना उतरताना काकूंची विचारपूस केल्याशिवाय न जाणारा. त्यानं घडवंची पाहिली, वाकून वास घेतला आणि मान हलवली. "भारी केलं काकू. वास गेला, चव आली. पण एक ध्यानात ठेवा. तो वास म्हणजे औषध होतं. कोळशानं वासासंगं औषधबी ओढून घेतलं. आता या पाण्याले राखणदार नाही. खालच्या मडक्यातलं उकळून, निववून मंगच प्या."

शामलाबाईंनी ते गाठीला बांधलं. खालच्या मडक्यातलं पाणी त्या रोज संध्याकाळी खळखळ उकळून घेत, सुती फडक्यानं झाकून निववत आणि मगच पेल्यात ओतत. नत्थूजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. पेला भरलेला समोर येतो, एवढंच त्यांना संसारात ठाऊक होतं.

इथवर सगळं गोड होतं. पुढचं ऐका.

रामनवमीच्या उत्सवाला कॉलनीच्या मंदिरात धोंडबा महाराज कीर्तनाला आले. वय अठ्ठ्याहत्तर, डावा कान बंद, उजवा अर्धा उघडा. पण गळा असा की पहिला सूर लावला तर मंडपातल्या पंख्यांनीही घरघर आवरती घ्यावी. शामलाबाईंचा जीव लहानपणापासून कीर्तनात. बापाच्या खांद्यावर बसून त्या गावोगावच्या कीर्तनांना गेलेल्या. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस तेवढ्या वेळापुरता माणूस नसतो आणि त्या गादीवरून निघालेला शब्द कोणी खाली पडू द्यायचा नसतो, हे त्यांना बापानं शिकवलं होतं. मंडपात उजव्या खांबाला टेकून, बायकांच्या पहिल्या रांगेत, ही त्यांची बसायची जागा. नऊ दिवस त्या खांबाला शामलाबाईंच्या डोक्याचं तेल लागायचं.

महाराजांचं जेवणाचं पान रोज एकेका घरी. पाडव्याला ते नत्थूजींकडे होतं. महाराजांनी पुरणपोळी बाजूला सारून आधी पाण्याचा घोट घेतला, आणि थांबले.

"माय, हे पाणी कुठलं वं?"

शामलाबाईंनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "नळाचंच महाराज! कोळसा त्याचा वास ओढून घेते!"

"अन् कोळसा?"

"तो काळाचा काळा राहते जी. पाण्याले उजळ करते अन् आपण राहते काळा. महिना झाला की फेकून द्या लागते."

महाराजांचा पेला हातातच राहिला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "भेटला!"

"काय भेटलं महाराज?" नत्थूजी ताटाखाली पाहू लागले.

"दृष्टांत भेटला!"

आता कीर्तनात ज्याला दृष्टांत म्हणतात तो म्हणजे दाखला. सांगायचं ते अवघड असलं की बुवा घरातली एखादी साधी गोष्ट पुढं ठेवतात. शामलाबाईंना हे पाठ होतं. पण देव स्वप्नात येऊन काही सांगून गेला तर त्यालाही आपण दृष्टांतच म्हणतो. आणि नागपूरकडे तर हरवलेली चप्पलही भेटते, नोकरीही भेटते आणि देवही भेटतो. मिळण्याचं सगळं काम आम्ही भेटण्यावरच भागवतो.

दुसऱ्या दिवशी कीर्तनात महाराजांनी झांजांना हातानं थांबवलं आणि उंच आवाजात म्हणाले, "काल मले नत्थूजीच्या सैपाकघरात दृष्टांत भेटला! त्या घरच्या मडक्यांतून..."

आणि तिथंच माइक किंचाळला. लोकांनी काय समजायचं ते समजून टाळ्या वाजवल्या, कोणीतरी रामनामाचा गजर उचलला, मंडप दणाणून गेला. गजराखाली महाराज बोलतच होते, की कोळसा लोकांची घाण आपल्या अंगाला लावून घेतो, संतही तसेच, जगाचा वास आपल्या पोटात ठेवतात आणि आपल्याला चव परत देतात. हे ऐकलं ते पहिल्या दोन रांगांनी, तेही अर्धवट. शामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपला कोळसा गादीवर जाऊन आला, याहून माणसाला काय पाहिजे?

माइक सुरळीत झाला तोवर महाराज अयोध्येला पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घंटी वाजली. दारात गल्लीतली पायल, हातात स्टीलची बरणी, कडेवर दोन वर्षांची रितिका.

"काकू, थोडं तीर्थ द्या नं."

"कसलं तीर्थ?"

"असं काय करता? महाराजांले तुमच्या घरी दृष्टांत झाला नं. सारी कॉलनी बोलून राहिली."

"अवं तो दृष्टांत म्हणजे तसा नव्हे. उदाहरण वं, उदाहरण!"

पायलनं हात जोडले. कडेवरच्या रितिकानंही आईचं पाहून चिमुकले हात जोडले आणि म्हणाली, "तीत."

त्या लेकरानं 'तीत' म्हटलं आणि शामलाबाईंनी बरणी भरून दिली, पातेल्यातलं उकळलेलं. ही त्यांची पहिली चूक.

दुपारपर्यंत अकरा जण आले. उकळलेलं संपलं. नत्थूजींनी थेट मधल्या मडक्याखाली बरण्या धरायला सुरुवात केली. निवृत्त झाल्यापासून त्यांचं नाव घेऊन दारात कोणी आलं नव्हतं. आता लोक जिन्यावर रांगेत उभे राहून विचारत, "नत्थूजी आहेत का?" आणि नत्थूजी बसमधल्यासारखे म्हणत, "एकेक जण, एकेक जण, ढकलू नका, सगळ्यांले भेटते."

कोणीतरी विचारलं, "काका, कोळसा कुठचा?"

मागं स्वयंपाकघरात शामलाबाई उभ्या होत्या. "मंदिरातल्या होमाचा," नत्थूजी म्हणाले.

रांग संपल्यावर शामलाबाईंनी दार लावलं. "होमाचा? दुर्गेशच्या इस्त्रीचा कोळसा होमाचा कधीपासून झाला?"

"मनात भाव असला तं सगळेच कोळसे होमाचे वं."

"अहो, लोकं हे पाणी कच्चं पिऊन राहिले. उकळा म्हणून तरी सांगा."

"सांगतलं नं. तं ते म्हणतात, तीर्थ कोणी उकळते का? बरोबरच हाय त्यांचं. गंगेचं पाणी तू गॅसवर ठेवशील का?"

आता शामलाबाईंना घराबाहेर पडता येईना. पहाटे नळ आला की वरचं मडकं भरायचं, ते गळालं की पुन्हा भरायचं. थेंबांची टपटप कानात शिरली ती जेवतानाही निघेना. भाजीला निघाल्या तर गल्लीत बायका वाकून पाया पडायच्या. खिडकीशी उभ्या राहिल्या तर खालून कोणी हात जोडायचं. संध्याकाळी कीर्तनाची वेळ झाली की भोंग्यावरून महाराजांचा सूर स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि त्या तीन मडक्यांपाशी ओंजळीत वाती धरून बसलेल्या. जिच्या घरचा दृष्टांत गादीवर गेला, तिलाच कीर्तन ऐकायला सवड नव्हती.

त्यांनी सांगून पाहिलं. ज्याला त्याला सांगितलं, की बाप्पा, हा प्रेसवाल्याचा कोळसा हाय, हे नळाचं पाणी हाय. लोक हसायचे. "काकू, तुम्ही उगाच लहानपण घेऊन राहिल्या. मोठी माणसं असंच म्हणतात." जितकं खरं बोलावं तितक्या त्या मोठ्या होत चालल्या. मग त्यांनी वरचं मडकं मुद्दाम ओट्यावर आदळून फोडलं, आणि जिन्यात येऊन सांगितलं, मडकं फुटलं, आता काही नाही. पायल आणि आणखी चौघी आत धावल्या. त्यांनी ओला कोळसा वेचून पदरांत बांधून घेतला, देवघरात ठेवायला. संध्याकाळी चार नवी मडकी दारात आली, हळदीकुंकू लावून, स्वस्तिक काढून. दुर्गेश स्वतः कोळशाचं टोपलं घेऊन आला आणि कानात म्हणाला, "काकू, कोणाले सांगत नाही मी. पुण्याचं काम हाय."

आता फोडायचं तरी किती?

संघपालनं खालच्या मडक्यातलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. दोन दिवसांनी कागद घेऊन आला. नत्थूजी रांग लावत होते.

"काका, यात जंतू निघाले. थोडे नाही. हे उकळल्याशिवाय कोणाले देऊ नका, लहान लेकरांले तं बिलकुल नका देऊ."

"संघपाल बाबू," नत्थूजी म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेत भक्ती मोजायचं यंत्र हाय का?"

"नाही जी. जंतू मोजायचं आहे."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. नत्थूजींनी कागदाची घडी केली आणि फ्रिजच्या वर ठेवून दिली. संघपाल काकूंकडे पाहत उभा राहिला. "काकू, तुम्हीच काही करा. माझं कोण ऐकते?"

एक वाट उरली होती. ज्या गादीवरून शब्द निघाला तिथूनच तो फिरवायचा. सप्तमीच्या सकाळी शामलाबाईंनी घराला बाहेरून कडी घातली आणि महाराज उतरले होते तिथं गेल्या. दर्शनाला गर्दी. महाराजांचा साथीदार विहंग, तोच हार्मोनियम वाजवायचा आणि तोच गर्दी आवरायचा, प्रत्येकाला खांद्याला धरून पुढं सरकवत होता. शामलाबाई पाया पडल्या आणि तिथंच बसून राहिल्या.

"महाराज! लोकं चुकीचं समजून राहिले जी! दृष्टांताचं!"

ज्या बाजूला त्या बसल्या होत्या ती डावी होती. महाराज प्रेमानं हसले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"समजलं तेवढं पुष्कळ, माय."

विहंगनं त्यांना खांद्याला धरून उठवलं.

घरी परतल्या तर बाहेरची कडी काढून रांग आत शिरली होती.

रामनवमी उजाडली. दुपारी बाराला जन्माचं कीर्तन. नैवेद्याला तीर्थ हवं म्हणून सकाळपासून जिना भरलेला. शामलाबाई बरण्यांतलं पाणी पाहत होत्या आणि प्रत्येक बरणीबरोबर एक लेकरू आहे का ते पाहत होत्या. रितिका दोन दिवसांत दिसली नव्हती. त्यांच्या छातीत त्या 'तीत'नं घर केलं होतं.

साडेदहाला पायल आली. रितिका तिच्या खांद्यावर होती, पण पोर खांद्यावर बसते तशी नव्हती. ओल्या टॉवेलासारखी लोंबत होती. ओठ कोरडे. डोळे खोल गेलेले.

"काय झालं वं इले?"

"परवापासून जुलाब आहेत काकू. थांबून नाही राहिले."

"डॉक्टर?"

"पहिल्या दिवशी नेली. पुड्या दिल्या, पाण्यात कालवून द्यायच्या. पण काकांनी सांगतलं, भाव अर्धा औषधात अन् अर्धा तीर्थात नको ठेवू. म्हणून दोन दिवस फक्त तीर्थच देऊन राहिली. आज जन्माच्या वेळचं ताजं द्या. आज बरी होते, मले माहीत आहे."

शामलाबाईंनी नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी बरणी हातात धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"पायल," शामलाबाईंनी तिचे खांदे धरले. "हे तीर्थ नाही. देवाची शपथ. प्रेसवाल्याचा कोळसा हाय, नळाचं पाणी हाय. यातून जंतू निघाले, तो कागद फ्रिजवर हाय. लेकरू घेऊन दवाखान्यात चाल, आत्ता चाल."

पायल रडायला लागली. "काकू, तुम्ही असं नका बोलू. माझा भाव पाहून राहिल्या नं? परीक्षा घेऊन राहिल्या नं? मी हटणार नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "हटू नको पोरी. असीच परीक्षा घेत असतात."

रितिकानं डोळे उघडले आणि मिटले. शामलाबाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर सपाट झाली नाही; अंगातलं पाणी आटलं होतं.

माणूस विहिरीत पडला की भिंतींना हात लावून पाहतो, कुठं एखादा दगड बाहेर आलाय का. शामलाबाईंच्या भोवती चारी बाजूंनी गुळगुळीत भिंत होती. खरं बोलावं तर लहानपण. मडकं फोडावं तर प्रसाद. महाराजांना सांगावं तर आशीर्वाद. एकच दगड बाहेर आलेला होता, आणि तो धरायचा नसतो हे त्यांना बापानं खांद्यावर बसवून शिकवलं होतं. देवाच्या नावानं खोटं बोलू नये. बाकी कशातही खोटं बोललं तर देव माफ करतो, त्याच्या नावानं बोललेलं मात्र बोलणाऱ्यालाच भोगावं लागतं.

त्यांनी देवघराकडं पाहिलं. आज रामाला नवा अंगरखा घातला होता.

"पायल," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता, त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "तुले खरं सांगते. आज पहाटे मले दृष्टांत झाला."

जिन्यावरची रांग दाराकडं वळली. नत्थूजींनी बरणी खाली ठेवली.

"राम आले. लहान होते, रांगून राहिले होते. अन् म्हणाले, माय, लेकराच्या पोटात कच्चं पाणी नको. रितिकाले दवाखान्यात ने. बारा वाजायच्या आत ने. सलाईन लावा. माझ्या जन्माच्या वेळी ती दवाखान्यात पायजे, मंदिरात नको."

पायलनं शामलाबाईंच्या पायाला हात लावायला वाकायचं केलं, पण कडेवर लेकरू होतं.

"पाया नको पडू. चाल!"

त्याच म्हातारीनं जिन्यावरच्या माणसांना बाजूला सारलं. "सरका, सरका! रामाचा शब्द हाय!" ज्या रांगेतून दहा मिनिटांत एक माणूस पुढं सरकत नव्हता, ती रांग भिंतीला चिकटली. संघपाल वरून धावत आला, त्यानं ऑटो थांबवला.

दवाखान्यात सिद्धी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा ओरडल्या आणि मग बोलल्या. "दोन दिवस काय करून राहिले होते तुम्ही?" रितिकाच्या हाताची शीर तीनदा शोधावी लागली. चौथ्यांदा सापडली.

बाकावर बसल्या बसल्या बारा वाजले. दूर कुठल्याशा मंदिराच्या भोंग्यावरून जन्माचा गजर आला, मग फटाके, मग पाळणा. शामलाबाईंनी हयातीत जन्माचं कीर्तन असं दुरून, औषधाच्या वासात, कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हात जोडायला घेतले आणि अर्ध्यावर थांबवले. ज्याच्या तोंडी नको ते घातलं, त्याच्यासमोर हात कोणत्या तोंडानं जोडायचे?

चारच्या सुमारास रितिकानं लघवी केली. नर्स म्हणाली, आता चिंता नाही. पायलनं शामलाबाईंना मिठी मारली आणि कानात म्हणाली, "काकू, तुमच्या दृष्टांतानं वाचवलं."

त्या मिठीतून शामलाबाईंना सुटता आलं नाही.

घरी आल्या तेव्हा घडवंची रिकामी होती. नत्थूजींनी मडकी गच्चीवर नेऊन पालथी घातली होती आणि फ्रिजवरचा कागद उघडून ओट्यावर ठेवला होता. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"पोट्टी कसी हाय?"

"वाचली."

"ते अर्धा-अर्धा भावाचं मी बोललो होतो," नत्थूजी भिंतीला म्हणाले.

"माहीत हाय."

तेवढ्यात खाली गाडी थांबली. महाराज दुसऱ्या गावाला निघाले होते, जाता जाता पाणी प्यायला आले. विहंगनं त्यांना जिना चढवला. शामलाबाईंनी पातेल्यातलं नळाचं, उकळलेलं पाणी पेल्यात ओतून पुढं ठेवलं. या वेळी त्या उजव्या बाजूला बसल्या.

महाराजांनी घोट घेतला. तोंड थोडं वाकडं झालं. "चव नाही वं माय."

"नाही महाराज."

"ते मडकं?"

"पालथं घातलं जी." मग त्यांनी त्या अर्ध्या उघड्या कानात सगळं सांगितलं, होमाचा कोळसा, प्रेसवाला, जंतू, रितिका, रांगणारा राम. "देवाच्या नावानं खोटं बोलली मी, महाराज. आता माझं काय?"

महाराज पेल्यात पाहत राहिले. त्यांना किती ऐकू आलं, देव जाणे. मग त्यांनी तो बेचव पेला एका दमात संपवला, उठताना शामलाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दृष्टांत मी सांगितला. कोळसा तू झालीस."

इतकंच. त्यात माफी होती की नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही. जिना उतरताना विहंगला म्हणाले, "सावकाश रे."

शामलाबाई तशाच बसून राहिल्या. हाताला कोळसा नव्हता, तरी त्यांनी पदराला हात पुसले. मग घंटी वाजली.

दारात दोन अनोळखी बायका, नटूनथटून, हातात नारळ. "प्रताप नगरहून आलो जी. दृष्टांतवाल्या काकू इथंच राहतात का?"

शामलाबाईंनी जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच त्या बायकांकडं पाहिलं. एकीच्या मागं पदर धरून एक पोर उभी होती.

"हो, इथंच," त्या म्हणाल्या. "पाणी उकळून प्या. लेकरू बिमार पडलं तं सिद्धी डॉक्टरकडे जा. आजचा दृष्टांत एवढाच."

बायकांनी डोळे मिटून ते मनात घेतलं. मग एकीनं हळूच विचारलं, "अन् उद्याचा, काकू?"

"उद्याचाबी हाच."